वेदीवरचा वाटा

जेरुसलेमच्या दुसऱ्या मंदिरातल्या ज्या अधिकाऱ्यांची नावे मिश्ना या यहुदी ग्रंथाने नोंदवली आहेत, त्यांत बेन अहिया नावाचा एक माणूस आहे. याजकांच्या पोटाच्या दुखण्यांवर इलाज करणे हे त्याचे काम. याजक दगडी फरशीवर अनवाणी वावरत आणि मांस भरपूर खात. सेवेच्या काळात द्राक्षारस वर्ज्य असल्याने वर पाणीच पीत. त्यामुळे पोटे बिघडत, आणि मंदिराला त्यासाठी स्वतंत्र माणूस ठेवावा लागे.

बलिदान म्हटले की धूर, रक्त आणि वेदी डोळ्यांसमोर येते. ते सगळे तिथे होतेच. पण बायबलातले लेवीय आणि गणना हे ग्रंथ सलग वाचत गेले की लक्षात येते, त्यांतला केवढा तरी भाग वाटपाचा आहे. कोणता तुकडा अग्नीला, कोणता याजकाला, कोणता अर्पण आणणाऱ्याच्या घरी, हे सारे ठरलेले. प्राचीन इस्राएलच्या उपासनेत मला हे वाटपच सगळ्यात बोलके वाटते. देवापुढे काय ठेवायचे हे ठरवता ठरवता त्या समाजाने, ज्याच्याकडे जमीन नाही त्याचे पोट कशावर चालायचे, हेही ठरवून टाकले.

मुळाशी जमिनीचा प्रश्न होता. कनान देशाची वाटणी झाली तेव्हा लेवी वंशाला शेतजमिनीचा भाग मिळाला नाही. राहायला ४८ नगरे आणि त्यांभोवतीची कुरणे तेवढी मिळाली. त्यांतली १३ नगरे अहरोनाच्या घराण्यातल्या याजकांची. बाकीच्या वंशांना भूमी हा वारसा. यांचा वारसा मात्र स्वतः परमेश्वर, असे गणना ग्रंथ म्हणतो. याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ असा, की लोक देवाला जे देतील त्यावर यांनी जगायचे. शेतकऱ्याने उत्पन्नाचा दशमांश लेव्यांना द्यायचा आणि लेव्यांनी त्या दशमांशाचा दशमांश याजकांना. शिवाय धान्य, द्राक्षारस आणि तेल यांचा पहिला भाग, मेंढरांची पहिली लोकर, गाई-मेंढ्यांचे पहिल्या वेताचे नर, आणि पहिल्या मुलाच्या मोबदल्यात ५ शेकेल चांदी. पुढच्या काळातल्या रब्बींनी याजकांची अशी २४ देणी मोजली आहेत. गावातल्या बलुतेदाराचा खळ्यावर जसा हक्काचा वाटा असे, तसा हा वाटा. फक्त तो आधी देवाच्या नावाने निघे आणि मग याजकाच्या हाती येई.

वेदीवरच्या अर्पणांचेही तसेच. होमार्पणात जनावर सगळेच्या सगळे जळे. याजकाला कातडे तेवढे मिळे. अन्नार्पण सपिठाचे, तेल आणि ऊद घालून. त्यातले मूठभर सपीठ आणि सगळा ऊद अग्नीत जाई, उरलेले याजकांचे. खमीर आणि मध वेदीवर चालत नसत. मीठ मात्र हवेच. भट्टीत, तव्यावर किंवा कढईत तयार करून आणलेले अर्पण त्या वेळी सेवा करणाऱ्या याजकाचे, आणि कच्चे पीठ सगळ्या याजकांत सारखे वाटायचे, इतक्या बारकाव्यापर्यंत नियम जातो. जिथे रोज वाटप होते तिथे भांडण कुठून सुरू होते, हे जाणणाऱ्या माणसांनीच तो लिहिला असणार.

पण या सगळ्यांत मला जवळचे वाटते ते शांत्यर्पण, कारण ते खरे तर जेवण आहे. चरबी आणि गुरदे अग्नीला. ऊर देवापुढे ओवाळून सगळ्या याजकांना. उजवी मांडी, ज्याने रक्त शिंपडले त्या याजकाला. उरलेले सारे मांस अर्पण आणणाऱ्याचे. त्याने ते घरच्यांसह खायचे. उपकारस्तुतीचे अर्पण असेल तर त्यासोबत भाकरीही आणायच्या, खमीर घातलेल्यासुद्धा, आणि प्रत्येक प्रकारातली एक याजकाला द्यायची. हे मांस त्याच दिवशी संपवायचे, सकाळपर्यंत उरवायचे नाही. नवसाचे असेल तर एक दिवस अधिक. तिसऱ्या दिवशी उरले तर जाळून टाकायचे. एक अख्खा मेंढा एका घराला एका दिवसात संपत नाही. शेजारीपाजारी आणि वाटसरू यांना बोलावल्याशिवाय गत्यंतर नाही. नियमाचा हेतू हाच असावा असे मला वाटते.

पापार्पणाचे मांस याजकांनीच, तेही पुरुषांनी, पवित्र आवारातच खायचे. दोषार्पणाची गोष्ट अधिक कडक. कोणाची ठेव बुडवली, कोणाला फसवले, तर मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जास्त घालून ती ज्याची त्याला परत करायची आणि मेंढा आणायचा. माणसाचे देणे थकवून देवाकडे सुटका मागता येत नसे. आणि गरिबासाठी तरतूद होती. काही पापार्पणांत मेंढी परवडत नसेल तर दोन होले किंवा कबुतरांची दोन पिल्ले. तीही जमत नसतील तर एफा या मापाचा दहावा भाग, म्हणजे साधारण दोन लिटर सपीठ, तेल आणि उदाशिवाय. मूठभर पिठानेही तीच क्षमा मिळे.

इथे एक धोका मात्र उघड आहे. लोकांच्या पापार्पणावर याजकाचे पोट भरत असेल, तर लोकांची पापे वाढण्यात त्याचा फायदा. संदेष्टा होशेय याने याजकांवर नेमका हाच आरोप केला. कायद्याला हा धोका ठाऊक असावा. याजक स्वतःसाठी जे अन्नार्पण आणे ते पूर्ण जाळायचे, त्यातला घासही त्याने खायचा नाही. मुख्य याजकाच्या स्वतःच्या पापासाठी मारलेल्या गोऱ्ह्याचे मांस तळाबाहेर नेऊन जाळायचे. स्वतःच्या चुकीतून कमाई नाही.

हा विचार एकट्या इस्राएलचा नव्हता. १८४५ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय इथे पुनिक भाषेतला एक शिलालेख सापडला. तो मूळचा कार्थेजच्या देवळाचा. बैलापासून पक्ष्यापर्यंत कोणत्या बळीला याजकाने किती चांदी आणि किती मांस घ्यायचे याचे दरपत्रकच त्यावर कोरलेले आहे. ज्याच्याकडे जनावर नाही, पक्षी नाही, त्याच्याकडून याजकाने काही घ्यायचे नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेईल त्याला दंड. दर दगडावर कोरून ठेवावा लागतो तो तक्रारी झाल्यावरच.

इस्राएलच्या स्वतःच्या ग्रंथांतही वाटे एकसारखे नाहीत. लेवीय ग्रंथ याजकाला ऊर आणि उजवी मांडी देतो. बायबलातलाच अनुवाद ग्रंथ खांदा, दोन्ही गालफडे आणि कोठा देतो. अभ्यासक यात वेगवेगळ्या काळांच्या प्रथा पाहतात. अनुवाद ग्रंथ पुन्हा पुन्हा बजावतो, की वेशीच्या आतल्या लेव्याला विसरू नका. त्याचे नाव विधवा, अनाथ आणि उपरी यांच्या जोडीने येते. हक्काचा वाटा वेळच्या वेळी पोचत असता तर अशी विनवणी करावी लागली नसती. शास्ते ग्रंथात एक लेवी काम शोधत भटकताना दिसतो. मीखा नावाचा माणूस त्याला वर्षाला १० शेकेल चांदी, कपडे आणि जेवण एवढ्यावर आपल्या घरच्या देव्हाऱ्याचा पुजारी ठेवून घेतो.

शिलो इथल्या देवस्थानात उलटे घडले. वृद्ध याजक एली याचे मुलगे, हफनी आणि फिनहास, यांचा चाकर तीन दातांचा आकडा घेऊन येई, शिजत्या भांड्यात खुपसे आणि जे वर येईल ते उचलून नेई. पुढे तर चरबी जळायच्या आधीच कच्चे मांस मागू लागला, नाही दिले तर जबरदस्तीने घेईन म्हणू लागला. शमुवेलाचा ग्रंथ यालाच मोठे पाप म्हणतो. देवाच्या आधी आपले पान वाढून घेणे, हा तो अपराध.

बाबेलच्या बंदिवासानंतर, इसवी सनपूर्व पाचव्या शतकात, सुभेदार नहेम्या जेरुसलेमला परत आला तेव्हा लेवी आणि गायक मंदिर सोडून आपापल्या शेतांवर निघून गेलेले होते. त्यांचे वाटे कोणी दिलेच नव्हते. त्याने उपदेश करत न बसता कोठारे पुन्हा भरून घेतली आणि त्यांवर चार माणसे नेमली: एक याजक, एक लेखक, एक लेवी आणि एक मदतनीस. प्रामाणिक म्हणून त्यांची ख्याती होती, एवढे कारण तो देतो. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत समजूतदार वाटलेला माणूस हाच.

दुसऱ्या मंदिराच्या अखेरच्या काळापर्यंत हा कारभार फार वाढला होता. याजकांचे २४ गट आळीपाळीने एकेक आठवडा सेवेला येत. पूर्वी वेदीच्या उतरणीवर धावण्याची शर्यत लागे आणि पहिला येईल त्याला राख काढण्याचा मान मिळे. एकदा ढकलाढकलीत एकाचा पाय मोडला, तेव्हापासून चिठ्ठ्यांसारखी निवड बोटे मोजून होऊ लागली. पेयार्पण विकत घ्यायचे तर योहानान नावाच्या अधिकाऱ्याला पैसे देऊन शिक्का घ्यायचा, तो अहिया नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायचा आणि द्राक्षारस घ्यायचा. संध्याकाळी दोघे बसून शिक्के आणि पैसे ताडून पाहत. जास्त भरले तर मंदिराचे, कमी पडले तर योहानानच्या खिशातून.

तरीही शेवटी वाट्यावरूनच घात झाला. होमार्पणाची कातडी संध्याकाळी त्या दिवशीच्या याजकांत वाटत. दांडगे याजक ती हिसकावू लागले. मग आठवड्यातून एकदा, सगळ्यांसमक्ष वाटप सुरू झाले, तरी बळजोरी थांबेना. अखेर ती कातडी देवाच्या नावे करून टाकण्यात आली, असे तालमूद हा यहुदी ग्रंथ सांगतो. आणि इतिहासकार योसेफस, जो स्वतः याजक घराण्यातला होता, इसवी सन ६० च्या आसपासची हकिकत लिहून ठेवतो: मुख्य याजकांचे चाकर थेट खळ्यांवर जाऊन दशमांश उचलून आणत, आणि ज्यांचे पोट त्यावरच होते असे गरीब याजक उपाशी मेले. ज्या व्यवस्थेने भूमिहीनांसाठी वाटा बांधून दिला होता, तिच्या शिखरावर बसलेल्यांनीच तो गिळला. दहा वर्षांत, इसवी सन ७० मध्ये, रोमन सैन्याने मंदिर जाळले. यहुदी पुरुष दरवर्षी मंदिराला जो अर्धा शेकेल देत, त्याच्या जागी रोमने सर्व यहुद्यांवर कर बसवला आणि तो रोममधल्या ज्युपिटरच्या देवळाच्या नावे वसूल केला.

वेदी गेली तसे बळी थांबले. ५ चांदीची नाणी देऊन पहिल्या मुलाला सोडवण्याचा विधी मात्र यहुद्यांत आजही होतो, आणि ती नाणी याजकवंशातल्या माणसाच्याच हाती पडतात. मूळच्या कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजात लग्नकार्यात किंवा नवस फेडताना संदेष्टा एलियाहू याच्या नावाने मलिदा मांडतात. पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांच्या ताटावर प्रार्थना होते आणि मग ते जमलेल्या सगळ्यांना वाटतात. मंदिरातल्या अन्नार्पणाशी या ताटाचे नाते आहे, असे त्या समाजातले अनेकजण मानतात.