पदवीच्या अंतिम वर्षाचे गणित

कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगावच्या बाजूस पाटण लागते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याचे तेथील शिलालेख सांगतो. कोणत्या संख्येच्या वर्गाच्या ६१ पटीत १ मिळविल्यास पूर्ण वर्ग येतो? भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात चक्रवाल रीतीने २२,६१,५३,९८० हे उत्तर काढले. मात्र ६१ च्या जागी पूर्ण वर्ग नसलेली कोणतीही संख्या घेतली तरी उत्तर मिळेलच, याची सिद्धता लाग्रांज यांनी अठराव्या शतकात दिली.

गणिताच्या पदवी अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षी भर असतो तो अशा सिद्धतेवर. वास्तव विश्लेषणात सीमा व सातत्य यांचा, तर अमूर्त बीजगणितात गट व वलय यांचा अभ्यास होतो. उत्तरे काढून गुण मिळविलेले विद्यार्थी येथे अडखळतात, ते बुद्धी कमी म्हणून नव्हे, ‘असे का?’ हे लिहून दाखविण्याचा सराव त्यांना शाळेत क्वचितच मिळालेला असतो.