माफी कुणी मागायची?

आपल्या बारामती-इंदापुरात बचत गटात पारधी बाईला घ्यायचं म्हटलं की कुणीतरी हळूच म्हणतंच, "पैशाचा मामला आहे, बघा बाई."

हा संशय जुना. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्यात पारधी, कैकाडी असे कितीतरी समाज ओढले गेले. पाळण्यातलं पोरही गुन्हेगार! पोलिसांकडे हजेरी, गावाबाहेर जायला परवाना. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहत. कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

आदिवासींची मुलं आईबापांपासून तोडली म्हणून ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी २००८ साली संसदेत माफी मागितली. जालियनवाला बागेबद्दल ब्रिटनच्या थेरेसा मे २०१९ मध्ये नुसता खेद म्हणाल्या. खेद तर अवकाळी पावसाचाही वाटतो. माफीत 'आमचं चुकलं' म्हणावं लागतं.

"केलं इंग्रजांनी, आपल्या पुढाऱ्यांनी का मागावी?" असं मला विचारतात. कायदा त्यांचा, पण संशय आपण जपला. विधानसभेत एकदा स्पष्ट बोलावं, आणि सोबत जातीचे दाखलेही हातात द्यावेत.

येत्या बैठकीत मी एका पारधी ताईंचं नाव मांडणार आहे.