कान दुखतो, तेव्हा तेल का नको?

मागच्या वेळी आपण तापाबद्दल बोललो. आज कान, आणि जाता जाता डोळे.

रात्री दोन वाजता दीड वर्षाचं मूल किंचाळत उठतं, कान ओढतं. घरात कुणीतरी लगेच लसणीचं तेल कोमट करतं. मायेनंच करतात हो! पण दुखणं असतं पडद्याच्या आत. नाकामागून मधल्या कानात एक नळी जाते. लहान मुलांत ती आखूड, बरीचशी आडवी. सर्दीत ती सुजून बंद होते, आत पाणी साचतं, जंतू वाढतात, पडदा ताणतो. तेल तिथे पोचतच नाही. कधीकधी पहाटे पडदा फुटतो, पू वाहतो आणि मूल शांत झोपतं. मग आम्हाला सांगतात, ‘तेलानं गुण आला.’

रात्री वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यायचं, कडेवर उभं धरायचं. पुष्कळदा दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतं. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागत नाही. पण सहा महिन्यांच्या आतलं बाळ, वाहता कान, कानामागे सूज, यांत त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डोळे चिकटले तर उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकाकडून बाहेर पुसा, दर वेळी नवा बोळा. काजळ नको. तान्ह्या बाळाचे डोळे लाल होऊन पू आला, तर मात्र लगेच दाखवा. आणि फ्रिजमधले ताईचे उरलेले थेंब? त्यांत स्टिरॉइड असू शकतं. ते आजच टाकून द्या.