साठ आले की बोलू

महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला एका पत्र्याच्या शेडवर पाटी आहे, ‘डायनामो, सेल्फ, वायरिंग’. तिच्याखाली ताज्या रंगात, वेगळ्या हातानं लिहिलंय, ‘लॅपटॉपवर कोड काढून मिळेल’. त्या खालच्या ओळीमुळे थांबलो. लॅपटॉप सीटवर उघडा पडला होता, पडद्यावर गाडीशी संपर्क होत नसल्याची इंग्रजी ओळ होती, आणि कारागीर तिकडे ढुंकूनही न बघता डॅशबोर्डखाली डोकं खुपसून आडवा झालेला. पाय तेवढे बाहेर, पावसात.

गाडी पोलादपूरकडच्या एका काकांची पिकअप. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरकडची भाजी खाली आणायची, हा त्यांचा धंदा. सेल्फ फिरतोय, इंजिन उचलत नाही. आधी दुसरीकडे दाखवली होती. तिथंही लॅपटॉप जोडला गेला नाही, म्हणून तिथल्या कारागिरानं निकाल दिला, ‘ईसीएम गेला, नवा टाका.’ ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक. तो नुसता विकत आणून भागत नाही, त्या गाडीसाठी प्रोग्राम करून घ्यावा लागतो, चावीशी जुळवावा लागतो. काकांनी आकडा ऐकला होता आणि तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. चहा सांगून आले, पुन्हा वाकून विचारलं, ‘गेलाय का रे?’

डॅशबोर्डखालून आवाज आला, ‘साठ आले की बोलू, काका.’

केबलचा ड्रायव्हर, कॉम पोर्टचा नंबर, फ्यूज हे सगळं त्यानं मी यायच्या आधीच उरकलं होतं. मला दाखवायला म्हणून तीच केबल शेजारच्या गाडीला लावली. पडद्यावर आकडे लगेच धावायला लागले. म्हणजे लॅपटॉप निर्दोष. हा लॅपटॉप जुना आहे आणि त्याला इंटरनेट मुद्दाम दिलेलं नाही. स्वस्त केबलींमध्ये पुष्कळदा नकली चिप असते. विंडोजनं परस्पर नवा ड्रायव्हर चढवला की काल चालणारी केबल आज मुकी होते. ‘मग गिऱ्हाईक म्हणतं, तुलाच येत नाही,’ तो म्हणाला.

स्टिअरिंगखाली जे १६ पिनांचं सॉकेट असतं, ते अमेरिकेत १९९६च्या मॉडेलांपासून सक्तीचं झालं. आपल्याकडे ओबीडी-२चा नियम एप्रिल २०१३पासूनचा. १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा करंट, ४ आणि ५वर अर्थ. केबलचा दिवा लागला, म्हणजे एवढं शाबूत. जुन्या गाड्या ७ नंबरच्या एकाच तारेवर सावकाश बोलतात. नव्या बोलतात ६ आणि १४वर. एकमेकींना पीळ दिलेल्या या दोन तारा, आणि त्यांच्यावर इंजिन, डॅशबोर्ड, ब्रेक अशा सगळ्यांचे संगणक. बॉश कंपनीनं १९८६मध्ये जगापुढे आणलेली ही पद्धत, कॅन. तिच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, नाहीतर संदेश टोकावर आपटून परत येतात आणि सगळा गोंधळ होतो. दोन्ही रेझिस्टर जागेवर असतील, तर ६ आणि १४मध्ये मीटर ६० दाखवतो. हेच ते साठ.

हाताखालच्या पोऱ्यानं बॅटरीची निगेटिव्ह काढली, कारण करंट चालू असताना ओहम मोजले तर मीटर वाटेल ते सांगतो. मीटरवर आले १२०.

काकांना वाटलं, दुप्पट आले म्हणजे बरंच झालं. कारागीर हसला नाही. त्यानं मला मात्र नीट समजावलं : एक टोक दिसतंय, दुसरं दिसत नाही. डॅशबोर्डकडचा रेझिस्टर सापडला, ईसीएममधला सापडला नाही. म्हणजे एकतर ईसीएम आतून जळलाय किंवा वाटेत तार तुटलीय. मग त्यानं ईसीएमचा कपलर सोडवला आणि थेट ईसीएमच्या पिनांवर मीटर लावला. १२०! करंट नसतानाही आतला रेझिस्टर मोजता येतो. दुसरं टोक जिवंत होतं, फक्त सॉकेटपर्यंत पोचत नव्हतं. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नव्हता, तेव्हाच त्याला संशय आला होता. तो काटाही याच तारांवरून खबर घेतो.

इतकं कळायला अर्धा तासही लागला नाही. नेमकी कुठं तुटलीय हे शोधायला दुपार गेली. वायरिंगची टेप सोलत, दर हातभर अंतरावर मोजत तो पुढं सरकत होता. शेवटी क्लीनरच्या बाजूची मॅट उचलली, पायाशी असलेलं प्लास्टिकचं पॅनल खेचलं, आणि वास आला.

महाडच्या माणसाला हा वास सांगावा लागत नाही. २२ जुलै २०२१ला सावित्री आणि गांधारी या नद्या शहरात शिरल्या, तळिये गावावर दरड कोसळली तीही त्याच दिवशी. पाणी ओसरल्यावर कपाटांतून, गाद्यांतून, दुकानांच्या शटरमागून कित्येक महिने हाच वास येत होता, कुजलेल्या गाळाचा. पॅनलच्या आत पिठासारखी बारीक माती बसली होती. तिच्यात एक कपलर, आणि कपलरच्या दोन पिनांवर हिरवी पूड. बोट लावलं तर पिनच गळून पडली.

काका गप्प झाले. गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली होती, कागद पक्के, रंग चकचकीत. पुराचं कुणी बोललं नव्हतं. पाणी चढलेल्या गाड्या धुऊन, वाळवून विकल्या गेल्या. त्यातल्या काही वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतात आणि मग एखाद्या ओल्या सकाळी घाटाच्या तोंडाशी बंद पडतात. विकणाऱ्यानं सांगितलं असतं तर काकांनी भाव पाडला असता, एवढंच. पण तेवढं सांगायलाही कुणाची जीभ वळत नाही.

‘सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा,’ कारागीर म्हणाला. ‘माणूस सीट धुतो, रंग मारतो. पट्ट्याचं गुंडाळलेलं टोक कुणी धुत नाही.’ काकांनी ओढून पाहिला. टोकाकडच्या हातभर पट्ट्यावर मातीचा डाग होता.

सडकं तेवढं कापून, नव्या पिना टाकून, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. मीटर लावला : ५९.८. ‘साठ,’ तो म्हणाला, आणि मग लॅपटॉपकडे वळला. जोडलं गेलं. जुने कोड वाचून पुसले, सेल्फ मारला, पिकअप धूर सोडत उठली. दुपारभरात लॅपटॉपचं काम पाच मिनिटांचं.

पैशांची वेळ आली तेव्हा काकांनी विचारलं, ‘टाकलंस काय त्यात?’ दोन पिना, थोडं सोल्डर, वीतभर स्लीव्ह. एवढ्याचे एवढे कसे, यावर घासाघीस झाली. नवा ईसीएम खोक्यातून काढून बसवला असता, तर बिलावर वस्तूचं नाव आलं असतं आणि काकांनी कर्ज काढून पैसे भरले असते. शोधण्याच्या मजुरीला मात्र बिलात ओळच नसते. मला काकांचा राग आला नाही, भाजीच्या फेऱ्या बुडाल्या होत्या. पण त्या कारागिरानं सांगितलेली रक्कम कमीच होती, आणि त्यातूनही त्यानं शेवटी शंभर सोडले.

तुमच्या गाडीला लॅपटॉप जोडला जात नाही म्हणून कुणी ईसीएम बदलायला सांगितला, तर होकार देण्याआधी एकच विचारा : बॅटरी काढून ६ आणि १४मध्ये मोजलं का, आणि किती आले? उत्तर नीट मिळालं, तर मोजणाऱ्याची मजुरी घासाघीस न करता द्या.