दोन दिवसांची सभा आणि रविवारचं जेवण

आम्ही पनवेल तालुक्यातल्या कोन गावच्या बचत गटातल्या अकरा जणी.

आमच्या भागात हळदीच्या रात्री चारशे पानं सहज उठतात. टोप, परात, झारे घेऊन आम्ही बायका उभ्या राहिलो की कुणी उपाशी परत जात नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरांच्या एका संघटनेने आपल्या वार्षिक सभेचं काम आम्हाला विचारलं, तेव्हा आम्ही लगेच हो म्हटलं. शनिवार-रविवार, पळस्पे-कोन पट्ट्यातला एक हॉल, एकशे ऐंशी माणसं. चहा, नाश्ता, जेवण आणि पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं. आम्हाला वाटलं, हळदीच्या निम्म्याहून कमी माणसं आहेत, त्यात काय मोठं!

रविवारी दुपारी एकशे ऐंशी ताटांचा स्वयंपाक तयार होता आणि जेवायला बसले एकशे दहा. ताटामागे दीडशे रुपये ठरले होते, पण तोंडी. संघटनेने जेवढी ताटं उठली तेवढ्यांचेच पैसे दिले. सत्तर ताटांचे दहा हजार पाचशे रुपये गेले. आमची बचत महिन्याला दोनशे रुपये. अकरा जणींचे होतात बावीसशे. म्हणजे जवळजवळ पाच महिन्यांची बचत एका दुपारी गेली. उरलेला भात वाटताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

त्या दिवशी चूक नेमकी कुठे झाली, ते आम्ही पुढच्या तीन बैठकांमध्ये शोधत होतो. जे सापडलं ते आज सांगतो. तुमच्या गावाजवळही हॉल होतायत, रिसॉर्ट होतायत. शिक्षकांची, वकिलांची, इंजिनिअरांची, डॉक्टरांची वार्षिक सभा उद्या तुमच्या दारात येईल.

लग्न आणि अशी सभा यांत मोठा फरक आहे. लग्नातला पाहुणा आपल्यासाठी थांबतो. मुहूर्त टळला तरी जेवल्याशिवाय जात नाही. सभेला आलेला माणूस कामासाठी येतो आणि काम झालं की निघतो. त्याचं काम काय, हे आधी समजून घ्यायला हवं. आपल्या प्रभागसंघाची वार्षिक सभा आठवा. हिशोब वाचायचा, मंजूर करायचा, नवे पदाधिकारी निवडायचे आणि त्यासाठी कोरम भरायला हवा. या मोठ्या संघटनांचंही तसंच असतं. त्याशिवाय भाषणं, नव्या उपचारांची माहिती, कंपन्यांचे स्टॉल. आणि डॉक्टरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते, ती आम्हाला माहीतच नव्हती. दंतवैद्यांना आपल्या नोंदणीचं नूतनीकरण करताना अशा कार्यक्रमांना हजर राहिल्याचे गुण दाखवावे लागतात. ते गुण असतात सर्टिफिकेटवर. आमच्या वेळी रविवारी साडेअकराला सर्टिफिकेटं वाटली आणि बाराला पार्किंग रिकामं व्हायला लागलं.

म्हणून आता कुणीही काम घेऊन आलं की आमचा पहिला प्रश्न असतो, सर्टिफिकेट कधी वाटणार? आणि दुसरा, सर्वसाधारण सभा जेवणाआधी की नंतर? या दोन उत्तरांवरून रविवारच्या ताटांचा अंदाज लागतो. कार्यक्रम ठरवणं त्यांचं काम आहे, त्यात आपण पडायचं नाही. पण जेवणानंतर सर्टिफिकेट दिलंत तर तुमचा कोरमही टिकेल, एवढं सुचवायला काहीच हरकत नाही. दुसऱ्या वेळी आम्ही सुचवलं आणि त्यांनी ते मान्य केलं.

आता माणसं मोजण्याबद्दल. 'एकशे ऐंशी' हा एक आकडा नसतो. शनिवारचा नाश्ता, शनिवारचं जेवण, रात्रीचं जेवण, रविवारचा नाश्ता, रविवारचं जेवण असे पाच वेगळे आकडे असतात. आम्ही ते तीनदा विचारतो. पंधरा दिवस आधी अंदाज, पाच दिवस आधी पक्का आकडा आणि त्या दिवशी सकाळी नोंदणीच्या टेबलावर आलेली माणसं. पाच दिवसांआधीचा आकडा लेखी घेतो. कागदावर सरळ लिहितो की या आकड्याचे पैसे द्यावे लागतील, जेवणारे कमी आले तरी. वर दहा टक्के माणसं वाढली तर आम्ही सांभाळू, त्यांचे पैसे वेगळे. अर्धी रक्कम आगाऊ. असं मागताना पहिल्यांदा जीभ अडखळते. पण समोरची माणसं शिकलेली असतात, त्यांना करार नवा नसतो. नवा आपल्यालाच असतो.

यानंतर रस्ता. आपलं गाव आपल्याला पाठ असतं, म्हणूनच आपण ते नीट सांगत नाही. पत्रिकेवर नुसतं 'कोन' छापलं होतं. कोन नावाचं एक गाव कल्याणजवळ, भिवंडी तालुक्यातही आहे. एक वयस्कर डॉक्टर टॅक्सीने थेट तिकडे पोहोचले आणि आमच्याकडे आले ते दुपारी. आता आम्ही सांगतो, प्रत्येक कागदावर 'कोन, तालुका पनवेल, जिल्हा रायगड' असं पूर्ण लिहा आणि मोबाइलवर हॉलचं लोकेशन पाठवा. दुसरी अडचण एक्स्प्रेस वेची. आपल्याला यायचं असतं जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने. चुकून गाडी एक्स्प्रेस वेवर चढली की मध्येच वळून परत येता येत नाही. ती निघते खालापूरच्या दिशेने. शिवाय रिक्षा आणि दुचाकी एक्स्प्रेस वेवर चालत नाहीत. म्हणून कुठल्या फाट्यावर वळायचं, तिथे कुठली खूण आहे, हे चार ओळींत मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवलं आहे. गटातल्या एकीच्या मुलीने ते लिहून दिलं.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी पनवेल सोयीचं आहे. मुंबईहून हार्बरची लोकल, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल आणि कोकण रेल्वेच्या गाड्या इथे येतात. पण सभा शनिवार-रविवारी असते आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. तो बहुतेक वेळा सकाळी अकराच्या सुमाराला सुरू होऊन दुपारी चारपर्यंत चालतो. कुठल्या मार्गावर ब्लॉक आहे ते रेल्वे एक-दोन दिवस आधी जाहीर करते. पहिल्या वेळी आम्ही ते पाहिलंच नव्हतं. गाडी मिळणार नाही या धास्तीने कितीतरी जण न जेवता निघाले. आता शुक्रवारी संध्याकाळी एक जण ब्लॉक तपासते आणि नोंदणीच्या टेबलावर कागद लावते. स्टेशन ते हॉल रिक्षाचं भाडं आधीच ठरवून त्याच कागदावर लिहितो. पाहुणाही घासाघीस करत नाही आणि रिक्षावाल्या भावांचंही नुकसान होत नाही.

चहाचा हिशोब तर गंमतीचा आहे. सभेत चहाला पंधरा मिनिटांची सुट्टी असते. एक कप भरून द्यायला पाच सेकंद लागतात असं धरा. म्हणजे मिनिटाला बारा कप. एकशे ऐंशी कपांना एका टेबलावर पंधरा मिनिटं जातात आणि शेवटच्या माणसाच्या हातात कप येतो तेव्हा आत भाषण सुरू झालेलं असतं. दोन टेबलं मांडली की आठ मिनिटांत काम संपतं. बिनसाखरेच्या चहाचं तिसरं छोटं टेबल ठेवा, डॉक्टरमंडळींमध्ये तो खूप जातो. आणि विजेची चहाची टाकी लावण्याआधी हॉलच्या वायरमनला विचारा. आम्ही आमची दोन हजार वॉटची टाकी प्रोजेक्टरच्याच लाइनवर लावली होती. वक्त्याच्या ऐन भाषणात पडदा काळा झाला.

पाणी दिवसाला माणशी दोन लिटर धरतो. वीस लिटरचा एक जार दहा जणांना, म्हणजे एकशे ऐंशी जणांना अठरा जार आणि वर दोन. शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत गरम राहायला हवं, साठ अंश सेल्सिअसच्या वर. कोमट होऊन पडलेल्या भातात, आमटीत जंतू वाढतात. म्हणून सगळा भात एकदम न शिजवता दोन खेपांत लावतो. दुसरी खेप पंगत बसल्यावर. यात वाया जाणंही कमी होतं. पदार्थ मात्र आपलेच ठेवा. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी. पनीरची भाजी त्यांना शहरात रोज मिळते. थंडीत सभा असेल तर संध्याकाळी पोपटी लावा, भांबुर्डीच्या पाल्याचा वास आला की पाहुणे आपोआप बाहेर येतात.

बायकांच्या स्वच्छतागृहाकडे पुरुष आयोजकांचं लक्ष जात नाही. आम्ही आदल्या दिवशी स्वतः जाऊन कडी, नळ, दिवा पाहतो, कचऱ्याचा डबा आणि पॅड ठेवतो. लहान बाळ घेऊन आलेल्या डॉक्टरीणबाई असतात, त्यांच्यासाठी एक खोली मागून घेतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. अन्न सुरक्षेची नोंदणी गटाच्या नावाने हवी. गटाचं बँक खातं आणि पॅन कार्डही हवं. तीस हजारांच्या वरच्या जेवणाच्या कंत्राटातून संस्था कर कापून पैसे देते. गटाचं पॅन असेल तर दोन टक्के कापतात, नसेल तर वीस. साठ हजारांच्या बिलात बाराशे जातील की बारा हजार, हे त्या एका कार्डावर ठरतं.

कुणी म्हणेल, एवढं खेड्यातल्या बायकांना जमेल का? १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच एका खेड्यात भरलं, ते आपल्या महाराष्ट्रातल्या फैजपूरला, जळगाव जिल्ह्यात. अध्यक्ष होते पंडित नेहरू. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी सगळा परिसर सजवला. त्या जागेला नाव दिलं होतं टिळकनगर. इतकं लांब कशाला, दरवर्षी आषाढीला दिंड्या निघतात. वारकरी मुक्कामी पोहोचण्याआधी ट्रक पुढे गेलेला असतो, पाणी भरलेलं असतं, चूल पेटलेली असते. पुढे कोण जाणार, मागे कोण राहणार, हे घर सोडण्याआधी ठरलेलं असतं. आपली तयारीही तशीच हवी.

दुसऱ्या वर्षी ती संघटना परत आली. आम्हाला वाटलं नव्हतं. रविवारच्या जेवणाचा पक्का आकडा लेखी घेतला एकशे पंचवीस. जेवले एकशे एकवीस. पैसे एकशे पंचवीसचे मिळाले. भात उरला तो एका टोपाच्या तळाला. गेलेले दहा हजार पाचशे त्या वर्षी गटाच्या खात्यात परत आले.

मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत एक कोरी वही काढा. तिच्यात आपल्या गावाचा पूर्ण पत्ता, यायचे रस्ते, चुकायची वळणं, रिक्षाचं भाडं, पाण्याचे जार देणाऱ्याचा आणि वायरमनचा नंबर, जवळचा दवाखाना हे सगळं लिहा. एक पान रविवारच्या जेवणासाठी कोरं ठेवा. काम येईल तेव्हा पक्का आकडा आणि समोरच्याची सही त्या पानावर घ्या, आणि मगच तांदूळ निवडायला बसा.