अपस्मार आणि आपलें घर

मुळशीच्या बाजूस पावसाळ्याचे चार महिने घर हेंच सारें जग होऊन बसतें. ताम्हिणीकडून येणारा धुंवाधार पाऊस, अंगणांतल्या दगडांवर धरलेलें शेवाळ आणि परसांत पाणी तापविण्यासाठीं धुमसणारी चूल! अशा घरांत माझी धाकटी जाऊ सून म्हणून आली, तेव्हां तिला अपस्मार आहे हें आम्हांस कोणीं सांगितलें नव्हतें. पहिली फीट त्या चुलीपुढेंच आली व डावा हात कोपरापर्यंत भाजला. माहेरच्यांनीं लपविलें म्हणून आम्हीं त्यांना बोल लावले. पण लपवावें असें भय त्यांना कां वाटलें असेल, हा विचार फार उशिरां सुचला. हिंदु विवाह कायद्यांतून विवाहास बाध आणणारा अपस्माराचा उल्लेख १९९९ सालीं काढून टाकण्यांत आला. सोयरिकी जुळविणाऱ्यांचीं मनें मात्र अजून जुन्याच कलमावर चालतात.

सासूबाईंचें मत, तिला स्वयंपाकघरांत पाऊलच टाकूं देऊं नये. ती म्हणाली, “वहिनी, मला मखरांत बसवूं नका.” मग आम्हीं घरच बदललें. परसांतली चूल पुरुषांकडे गेली. उकळतें भांडें शेगडीच्या मागल्या बाजूस, विळी दुसऱ्या कोणाकडे. न्हाणीघराची आंतली कडी काढली. दारावर पंचा दिसला, कीं आंत कोणी आहे असें समजावयाचें. स्नान पाटावर बसून, तांब्यानें. कारण शुद्ध हरपली तर भरल्या बादलींतहि जीव गुदमरतो. आडावर एकटीनें जाणें बंद. पलंग गेला, जमिनीवर गादी आली.

फीट आली कीं कांदा हुंगविणारे व मुठींत किल्ल्या कोंबणारे शेजारी धांवून येतातच. फीट बहुधा दोनतीन मिनिटांत आपण होऊन थांबते आणि श्रेय किल्लीला मिळतें! करावयाचें तें इतकेंच: आसपासच्या वस्तू दूर साराव्या, डोक्याखालीं मऊ घडी ठेवावी, कुशीवर वळवावें, घड्याळ पाहावें. हातपाय दाबूं नयेत. तोंडांत चमचा, बोट, पाणी कांहींहि घालूं नये. पांच मिनिटांत थांबली नाहीं, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वींच दुसरी आली, तर १०८ क्रमांकास कळवावें. आमच्या घाटांत दरड कोसळली तर गाडी कधीं पोंचेल याचा नेम नाहीं. म्हणून डॉक्टरांनीं लिहून दिलेला, नाकांत मारावयाचा मिडाझोलामचा फवारा माजघराच्या फडताळांत असतो. तो कोठें आहे हें मुलांनाहि ठाऊक आहे, कसा मारावा हें मोठ्यांना.

खरी अडचण आली ती व्रतांची. झोंप मोडणें आणि गोळी चुकणें, हीं दोन्ही फीट ओढवून आणतात. आम्ही कोणी बोलण्यापूर्वींच सासूबाईंनीं तिला हरितालिकेचें जागरण माफ केलें. उपवासाच्या दिवशींहि गोळी आठवणीनें त्याच देतात. पुण्यांत यशोदा वाकणकर यांनीं अपस्मार असलेल्यांसाठीं ‘संवेदना’ हा आधारगट चालविला आहे, हें कळल्यावर तेथें चौकशी करावी असा आग्रहहि त्यांचाच.

यंदा गणपतीचे मोदक जाऊनेंच केले. मोदकपात्र उतरविण्यापुरती मात्र तिनें मला हांक मारली.