पहिले पान म्हणजे हजेरीपट नव्हे

वाशीम जिल्ह्यातली १८० पटाची एक जिल्हा परिषद शाळा धरू. महिन्यात २५ दिवस शाळा भरली, तर प्रत्येक मुलाची रोज एक याप्रमाणे हजेरीच्या ४,५०० नोंदी होतात. केंद्रप्रमुख एआय एजंटला साध्या मराठीत विचारतात, या महिन्यात कोणत्या मुलांची हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली? एजंट हजेरी आणणारे टूल चालवतो, टूल सर्व्हरच्या एपीआयकडे नोंदी मागते आणि काही सेकंदांत नावांची यादी समोर येते. यादी नीटनेटकी असते. ती खरी आहे की नाही हे मात्र एजंटाने ४,५०० नोंदी पाहिल्या की त्यांतल्या १००, यावर ठरते.

हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. राज्यातल्या शाळांना डिसेंबर २०२३ पासून विद्यार्थ्यांची हजेरी स्विफ्टचॅट ॲपवरच्या बॉटमधून नोंदवायला सांगितले गेले. त्यामागे पुण्याचे विद्या समीक्षा केंद्र आहे. वाशीम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक, त्यामुळे इथल्या शाळांच्या आकड्यांवर वरपर्यंत नजर असते. आणि हजेरीच्या आकड्याला लाभ बांधलेले असतात. दुर्बल घटकांतल्या प्राथमिक शाळेतल्या मुलींसाठी राज्याने १९९२ साली उपस्थिती भत्ता सुरू केला तो दिवसाला १ रुपया, आणि त्याला अट होती ७५ टक्के हजेरीची. बेरीज चुकली की असा लाभ ज्यांना सर्वांत गरजेचा, त्यांच्याच हातून जातो.

सर्वांत घातक गैरसमज असा की टूलचे उत्तर आले म्हणजे सगळा हजेरीपट आला. मोठी माहिती एपीआय एका दमात देत नाही, पाना-पानाने देते. एकच मागणी सर्व्हरला जड जाऊ नये म्हणून ही सोय असते. केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या पोर्टलवर नमुन्याची एपीआय-की वापरली, तर एका मागणीला जास्तीत जास्त १० नोंदी मिळतात. उत्तरात एकूण नोंदी किती आणि आत्ता पाठवल्या किती, हे दोन आकडे वेगवेगळे दिलेले असतात. ते वाचायचे कुणी, हाच मुद्दा आहे.

आपल्या शाळेचेच पाहा. नोंदी ताज्या तारखेपासून मागे लावलेल्या असतील, तर १०० नोंदींच्या पहिल्या पानात एका दिवसाचीही पूर्ण हजेरी मावत नाही. ८० मुले दुसऱ्या पानावर जातात. पहिल्या पानावरची शंभरच्या शंभर मुले हजर असली, तरी १८० च्या पटाने भागून एजंट सांगेल, हजेरी सुमारे ५६ टक्के. सर्व्हरने कुठलीही त्रुटी दाखवलेली नसते, कारण त्याच्या दृष्टीने मागणी यशस्वी झाली. भाषा-मॉडेलही मिळालेल्या मजकुरावरून ठाम वाक्य लिहून मोकळे होते. म्हणून माझ्या मते हजेरीच्या टूलने प्रत्येक उत्तरासोबत ‘४,५०० पैकी १०० नोंदी वाचल्या, पुढचे पान शिल्लक आहे’ असे स्पष्ट शब्दांत परत दिलेच पाहिजे. एजंटाला वाचता येतो तो हाच मजकूर. त्यात नसलेली गोष्ट त्याच्यासाठी अस्तित्वात नसते.

मग पानाचा आकारच वाढवून ५,००० का मागू नये? कारण आकाराची कमाल मर्यादा सर्व्हर ठरवतो. गिटहबच्या एपीआयमध्ये बहुतेक याद्यांना पानामागे कमाल १०० नोंदी मिळतात. काही सर्व्हर जास्तीची मागणी नाकारतात, काही न सांगता ती आपल्या मर्यादेवर आणतात. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. शिवाय सगळ्या नोंदी मॉडेलसमोर ओतल्या तरी काम होईलच असे नाही. एका नोंदीला ५० टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे मोजते ते) धरले तर ४,५०० नोंदींचे २,२५,००० टोकन होतात, आणि २ लाख टोकनांची मर्यादा असलेल्या मॉडेलमध्ये ते मावतच नाहीत. मावले तरी हजारो ओळी मनात मोजणे हे भाषा-मॉडेलचे बलस्थान नाही. पाने उलटण्याचे आणि बेरजेचे काम टूलमधल्या साध्या कोडने करावे, शक्य असेल तर थेट डेटाबेसने, आणि एजंटाकडे फक्त मुलागणिक हजर दिवस व कामाचे दिवस द्यावेत.

पान अर्धे भरलेले किंवा रिकामे आले म्हणजे यादी संपली, हेही खरे नाही. गूगलच्या एपीआय-नियमांनुसार पानात मागितल्यापेक्षा कमी, अगदी शून्य नोंदीही येऊ शकतात. पुढच्या पानाची खूण रिकामी आली की मगच शेवट. फार वेगाने मागण्या केल्या तर सर्व्हर ४२९ हा संकेत देऊन थांबवतो. तेव्हा थोडे थांबून त्याच पानापासून पुढे जायचे असते, हाती आले तेवढ्यावर हिशेब करायचा नसतो.

पान क्रमांक दोन सकाळी आणि दुपारी तेच असेल, हा समज शाळेच्या वेळेत हमखास फसतो. समजा, एजंटाने पहिल्या १०० नोंदी वाचल्या आणि तेवढ्यात एका गुरुजींनी चुकून दोनदा पडलेली एक नोंद काढून टाकली. १०१ वी नोंद आता १०० व्या जागी सरकली. ‘पहिल्या १०० सोडून पुढच्या द्या’ अशी मागणी गेली की ती नोंद कुणीच वाचत नाही. उलट नवी नोंद वर आली तर एक नोंद दोनदा मोजली जाते. उपाय अवघड नाहीत: आजचा दिवस वगळून कालपर्यंतचीच मुदत मागावी, क्रम तारीख आणि नोंद क्रमांक दोन्हींवर लावावा, आणि जागेचा आकडा मोजण्याऐवजी ‘या नोंदीनंतरच्या द्या’ असे सांगणारा कर्सर वापरावा.

सगळी पाने अचूक वाचूनही एक चूक उरते, आणि वाशीमच्या मुलांना तीच जास्त लागेल: नोंद नाही म्हणजे मूल गैरहजर. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या साधारण आठवडा-दोन आठवडे उशिरा सुरू होतात. एजंटाने साऱ्या राज्याला एकच सुरुवातीची तारीख लावली, तर रिसोडपासून कारंज्यापर्यंतची मुले शाळा उघडण्याआधीच गैरहजर ठरतात. तारखेचा आणखी एक फेरा आहे. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे. १ जुलैची हजेरी भारतीय मध्यरात्रीच्या वेळेने साठवली असेल, तर प्रमाणवेळेत ती ३० जूनच्या १८:३० ची होते, आणि जुलैची हजेरी मागताना महिन्याचा पहिला दिवस बाहेर राहतो.

त्याहून खोल प्रश्न स्थलांतराचा. जिल्ह्यातली कुटुंबे ऊसतोडीला बाहेर जातात. सोबत गेलेले मूल शिक्षण हमी पत्रकावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत बसते, आणि तिथली हजेरी त्या शाळेच्या ११ अंकी यू-डायस क्रमांकाखाली पडते. वाशीमच्या शाळांचे क्रमांक २७०६ ने सुरू होतात. टूलची चाळणी तेवढ्याच क्रमांकांवर लावली, तर रोज वर्गात बसणारे मूल यादीत महिनोन्‌महिने गैरहजर दिसेल. म्हणून ‘हजर’, ‘गैरहजर’ आणि ‘नोंद नाही’ हे तीन वेगळे रकाने हवेत, आणि शोध शाळेच्या नव्हे, विद्यार्थ्याच्या क्रमांकावर हवा.

पण विद्यार्थ्याच्या क्रमांकावर शोध द्यायचा म्हणजे एजंटाला सगळी माहिती खुली करायची, असे नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. टूलची की केंद्रप्रमुखांच्या केंद्रापुरती आणि फक्त वाचण्यापुरती असावी. स्थलांतरित मुलाची बाहेरची हजेरी सर्व्हरने जुळवून एकत्रित आकड्यातच द्यावी. मुलांची नावे मॉडेलकडे जाण्याचीही गरज नाही. हिशेब क्रमांकांवर होतो, आणि यादी तयार झाल्यावर केंद्रप्रमुखांच्या पडद्यावर त्या क्रमांकांपुढे नावे लावता येतात.